गोलरक्षकाचा मुखवटा

थंड देशांत बर्फावर हॉकी खेळतात. पोलादी पात्यांचे जोडे घातलेले खेळाडू गुळगुळीत बर्फावरून वाऱ्यासारखे धावत असतात. या खेळात चेंडू नसतो. कठीण रबराची एक चकती असते. तिचे वजन सुमारे १६० ग्रॅम असते. काठीचा फटका बसताच ती बाणासारखी सुटते. तिला अडविण्याचे काम गोलरक्षकाचे. त्याच्या पायांवर जाड पॅड असत. चेहरा मात्र कित्येक वर्षे उघडाच राहिला. नाक फुटणे, दात पडणे हे त्याच्या नशिबीच आहे, असे सारे समजत.

१९३६ साली जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथे हिवाळी ऑलिंपिक सामने भरले. तेथे जपानचा गोलरक्षक तेईजी होन्मा याच्या डोळ्यांवर मोठा गोल चष्मा होता. चकती चष्म्यावर आदळली असती, तर काचांबरोबर डोळाही गेला असता. म्हणून होन्मा तोंडावर मुखवटा चढवून उभा राहिला. तो चामड्याचा असून त्याला पुढे तारेची जाळी होती. जपान ब्रिटनकडून ३-० असा आणि स्वीडनकडून २-० असा हरला. त्याच ब्रिटनने पुढे सुवर्णपदक जिंकले.

होन्माच्या आधीही असा विचार कोणी केला नव्हता असे नाही. १९२७ साली कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाच्या एलिझाबेथ ग्रॅहॅम हिने दात वाचविण्यासाठी तलवारबाजीचा मुखवटा घातला होता. परंतु मुखवट्याने नजर अडते आणि तो घालणारा भित्रा असतो, ही समजूत काही केल्या जाईना.

१ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये माँट्रियल संघाचा गोलरक्षक जाक प्लान्त याच्या तोंडावर चकती बसली. रक्त वाहू लागले. डॉक्टरांनी जखम शिवली. मुखवट्याशिवाय आपण खेळणार नाही, असे प्लान्तने निक्षून सांगितले. प्रशिक्षकाला ते रुचले नाही; पण दुसरा गोलरक्षक होता कोठे? प्लान्त मुखवटा घालून खेळला आणि त्याचा संघ ३-१ असा जिंकला. नजर अडते हा आक्षेप त्या रात्री फोल ठरला. हळूहळू इतरांनीही मुखवटे स्वीकारले. आज त्यावाचून गोलरक्षक बर्फावर उतरत नाही.

वेगाने येणाऱ्या चकतीपुढे उभे राहण्यास धैर्य लागतेच. परंतु लोक भित्रा म्हणतील हे ठाऊक असूनही डोळे जपणे, यासही धैर्यच लागते. चष्मा लावणाऱ्या होन्माच्या अंगी ही दोन्ही धैर्ये होती.