‘सीई’चा शिक्का आणि घरातला शॉक

मोबाइलचा चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, पाणी तापवायचा रॉड. उल्हासनगरच्या बाजारात किंवा अंबरनाथ, बदलापूर स्टेशनबाहेरच्या दुकानांत अशा वस्तू उलटून पाहिल्या, तर त्यांवर अनेकदा ‘सीई’ ही दोन इंग्रजी अक्षरे दिसतात. शिक्का युरोपचा आहे, म्हणजे माल तपासलेला असणार, असा ग्राहकांचा समज होतो. प्रत्यक्षात या शिक्क्याचा अर्थ वेगळा आहे.

युरोपीय देशांनी घरगुती विजेच्या उपकरणांसाठी १९७३ मध्ये समान सुरक्षा नियम केला. तो ‘लो व्होल्टेज’ नियम म्हणून ओळखला जातो. नावात ‘लो’ असले तरी ५० ते १००० व्होल्टच्या एसी विजेवरची उपकरणे त्यात येतात; म्हणजे आपल्या घरातली २३० व्होल्टची वीजही त्यातच मोडते. २०१४ मध्ये हा नियम नव्याने लिहिला गेला आणि २० एप्रिल २०१६ पासून लागू झाला.

या नियमानुसार ‘सीई’ हा शिक्का उत्पादक स्वतःच लावतो. चाचण्यांची कागदपत्रे तयार करायची, ती दहा वर्षे जपायची, ‘माल सुरक्षित आहे’ अशी लेखी हमी द्यायची आणि मग शिक्का लावायचा. बाहेरच्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र या नियमात सक्तीचे नाही. मात्र तिथे या शिक्क्यामागे मोठी यंत्रणा उभी असते. सरकारी अधिकारी दुकानातला माल उचलून तपासतात, आयातदाराला जबाब द्यावा लागतो, धोकादायक वस्तू बाजारातून काढून घेतली जाते आणि बाकीच्या देशांनाही सावध केले जाते. ही यंत्रणा युरोपच्या हद्दीबाहेर काम करत नाही. इथल्या बाजारात ती दोन अक्षरे म्हणजे नुसती शाई उरते. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा जुना विनोद ज्या भागात जन्मला, तिथे हे वेगळे सांगायला नको.

चाचणीत काय पाहतात?

घरगुती उपकरणांसाठी युरोपात ‘ईएन ६०३३५’ आणि भारतात ‘आयएस ३०२’ ही मानके आहेत. दोन्हींचा पाया एकच आंतरराष्ट्रीय मानक आहे. सांधे असलेले धातूचे कृत्रिम बोट उपकरणाच्या प्रत्येक फटीत घालून ते विजेच्या भागाला टेकते का, हे पाहिले जाते. वायरच्या आवरणाचा कस पाहण्यासाठी हजार व्होल्टहून जास्त दाब दिला जातो. दोन-तीन किलोच्या मिक्सरची वायर सुमारे सहा किलोच्या जोराने २५ वेळा ओढतात. ती आतून सैल होता कामा नये. प्लास्टिकला ५५० ते ८५० अंश तापलेली तार टेकवून ते पेट घेते का, हे पाहतात. इस्त्रीसारख्या हाताळायच्या, अर्थिंग असलेल्या उपकरणातून पाऊण मिलिअॅम्पिअरपेक्षा जास्त वीज गळलेली चालत नाही.

ही मर्यादा इतकी कडक का, याचे उत्तर शरीरात आहे. अर्धा-एक मिलिअॅम्पिअर प्रवाहाने मुंग्या येतात. दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या पुढे प्रवाह काही क्षण टिकला, तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. ओल्या अंगाचा विरोध हजार ओहमपर्यंत उतरला, तर २३० व्होल्टला अंगातून २३० मिलिअॅम्पिअर वाहतात.

घरातला एमसीबी इथे कामाचा नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो. १६ अॅम्पिअरचा एमसीबी ज्या प्रवाहापर्यंत गप्प बसतो, तो तीस मिलिअॅम्पिअरच्या पाचशेपटीहून जास्त आहे. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. गेलेली वीज पूर्ण परत आली नाही, म्हणजे ती कुठेतरी गळते आहे, हे ओळखून तो तीन दशांश सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो.

उल्हास नदीच्या काठावरच्या या पट्ट्यात या गोष्टीला जास्तच महत्त्व आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात इथल्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेव्हाही घरे पाण्यात गेली. अशा वेळी जमिनीलगतचे सॉकेट आणि भिजलेला फ्रिज जिवावर उठू शकतात.

हे लक्षात ठेवा

• इस्त्री, गिझर, पाण्याचा रॉड, वायर आणि स्विच घेताना आयएसआय चिन्ह पाहा. त्यासोबत ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा.
• चार्जर, पॉवर बँक आणि एलईडी बल्बवर इंग्रजी ‘आर’ अक्षरापुढे नोंदणी क्रमांक असतो. हे दोन्ही क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोफत अॅपवर तपासता येतात. तक्रारही करता येते.
• थ्री-पिनची जाड पिन काढून किंवा तोडून उपकरण वापरू नका. अर्थिंग त्याच पिनेतून मिळते.
• ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी बसवा आणि त्यावरचे ‘टेस्ट’ बटण ठरावीक काळाने दाबून पाहा. पुरवठा तुटला नाही, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.
• पाणी घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद करा. पाण्यात उभे राहून स्विचला हात लावू नका. भिजलेले उपकरण वरून सुकले तरी तपासून घेतल्याशिवाय सुरू करू नका.
• कुणाला शॉक लागला, तर आधी पुरवठा तोडा, मगच त्या व्यक्तीला हात लावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.