मूषकाला अभय, घराला बंदोबस्त

गणेशचतुर्थीला आपण मूर्तीच्या पायाशी बसलेल्या उंदरावरही अक्षता वाहतो आणि त्याच रात्री स्वयंपाकघरात त्याच्या जातभाईसाठी विषाची गोळी ठेवतो. हा विसंवाद आम्हांलाही पूर्वी जाणवला नव्हता. एका वर्षी आमच्याच घरी चिकट फळीला अडकलेला उंदीर पहाटेपर्यंत तडफडला. त्याच सायंकाळी आम्ही भूतदयेवर कीर्तनाला उभे राहिलो. पूर्वरंगातच शब्द घशात अडकले.

‘मुष्’ म्हणजे चोरणे; त्यावरून ‘मूषक’. पराशरांच्या आश्रमात नासाडी करणाऱ्या मूषकरूपी क्रौंच गंधर्वाला गजाननाने पाशाने बांधले, मारले नाही; वाहन केले, अशी गणेशपुराणातील कथा आहे. आवर घालावा, प्राण घेऊ नये, हाच तिचा बोध.

उंदीर येतो तो अन्नासाठी. म्हणून धान्य, पीठ घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावे. देवापुढील मोदक, खोबरे रात्री उघडे राहू देऊ नये. आत शिरलेला उंदीर साध्या पिंजऱ्यात धरावा. पिंजरा सकाळ-सायंकाळ पाहावा आणि सापडलेल्या जिवास विलंब न लावता बाहेर सोडावे. लहान उंदरास सुमारे ६ मिलिमीटरची, पेन्सिलीएवढी फटही पुरते. तेव्हा सर्व उंदीर बाहेर गेल्यावर फटींत तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लिंपावे, मोरीच्या तोंडाला जाळी बसवावी. वाट बुजली नाही, तर सोडलेला पाहुणा परत येणारच.

त्या वर्षापासून आमच्या घरात विष आले नाही. भूतदयेचे निरूपण आता अडखळत नाही.