हळवं, निमगरवं, गरवं

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, कळसूबाई-रतनगडाच्या बाजूला, भाताच्या तीन जाती मानतात. जाती म्हणजे वाण नव्हेत, मुदती. हळवं साडेतीन महिन्यांत पिकतं, गरवं साडेचार-पाच महिने घेतं, आणि या दोहोंच्या मधलं ते निमगरवं. आमच्या घरी आजीनं हे कधी शिकवलं नाही, करून दाखवलं. माळाच्या वरच्या खाचरात, जिथं पाणी थांबत नाही, तिथं हळवं. ओढ्याकाठच्या खोल खाचरात गरवं. भादव्यात कणगीचा तळ दिसायला लागे तेव्हा हळव्याची आशा असायची. नवरात्राच्या आगेमागे नवे तांदूळ शिजायचे. वर्षभराचं पोट मात्र गरव्यावर.

मी आता याच पट्ट्यातल्या बायकांच्या गटांबरोबर बियाण्यांचं काम करते. ‘हवामान बदल’ हा शब्द आमच्या बैठकीत क्वचित निघतो. बायका म्हणतात, पावसाचं काही खरं राहिलं नाही. त्यांचं म्हणणं मोजलेलंही आहे. मध्य भारताच्या पट्ट्यात, गुजरातपासून ओडिशापर्यंत, दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीनं वाढल्या, असं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले (आयआयटीएम) रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं. अरबी समुद्र तापतोय, तिकडून येणारे वारे मध्येच ढगांचा लोंढा घेऊन येतात. एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. म्हणजे चार दिवसांत कोसळायचं आणि मग पंधरा दिवस तोंड दाखवायचं नाही.

भाताला हे दोन्हीकडून मारतं. जूनमध्ये रोप टाकलं आणि पावसानं ओढ दिली, तर रोप वाफ्यातच म्हातारं होतं. तसलं रोप आवणीला लावलं की फुटवे कमी येतात. पाऊस लवकर गेला तर गरव्याचा दाणा भरत नाही. आणि ऑक्टोबरभर रेंगाळला तर पिकलेलं हळवं आडवं होतं, लोंबीतच कोंब फुटतात. 2019 च्या ऑक्टोबरअखेरीस राज्यभर हेच झालं. कापलेलं भात खाचरात भिजत पडलं होतं.

म्हणूनच ‘पाऊस बेभरवशाचा झालाय, सगळ्यांनी कमी मुदतीचं वाण लावा’ हा सल्ला मला अर्धाच वाटतो. कमी मुदतीचं भात दुष्काळातून सुटतं आणि परतीच्या पावसात सापडतं. चूक कुठल्या बाजूनं होणार हे ठाऊक नसेल तर दोन्ही बाजूंना काहीतरी पेरलेलं असावं लागतं. ज्याच्याकडे एक-दीड एकर आहे आणि पिकवलेलंच खायचं आहे, त्याला सरासरी उत्पन्नाचा हिशेब उपयोगाचा नाही. एकही वर्ष पूर्ण रिकामं जाता कामा नये, हा त्याचा हिशेब असतो.

अडचण अशी, की तिन्ही मुदतींचं बी घरात राहिलं नाही. एकाच वाणाच्या पिशव्या येत गेल्या आणि काळभात, रायभोग, जिरवेल, कोळपी हे वाण एकेका वाडीतून गेले. ते परत जमवायचं काम आमच्याच तालुक्यात मोठं झालं आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण भात, वाल, नागली, भाज्या यांचं गावरान बी त्यांनी राखलं. बाएफ संस्था सोबत होती. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणे बँकेची रीत सोपी आहे: एक किलो न्या, सुगीला दोन किलो आणून द्या. त्यामुळे बी कोठीत पडून राहत नाही, दरसाल वेगवेगळ्या शेतांत उगवतं आणि बदललेल्या पावसाशी त्याची गाठ पडत राहते. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायचा, बदलायचा, ब्रँडच्या नावाशिवाय विकायचाही हक्क दिलेला आहे. हे प्रत्येक बैठकीत सांगावं लागतं.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण उपयोगाच्या. पेरण्याआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ टाकून बी बुडवायचं. तरंगेल ते काढून टाकायचं, तळाचं धुऊन सुकवायचं. रोप एकदम न टाकता आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा टाकायचं, म्हणजे पावसानं ओढ दिली तरी एक वाफा कामाचा राहतो. उतारावरची नागली आणि वरई सोडायची नाही. नागली थोड्या पाण्यावर तग धरते आणि नीट ठेवली तर वर्षानुवर्षं किडत नाही.

हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, आणि मी तो वाड्यांवर वाचून दाखवते. पण त्यातला अंदाज जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा असतो. आमच्या एकाच तालुक्यात घाटघरला पाऊस काही हजार मिलिमीटर पडतो आणि पूर्वेकडची गावं काही शेंवर भागवतात. ‘अकोले तालुक्यात मध्यम पाऊस’ हे ऐकून रोप कुणी टाकावं? वाडीगणिक साधं पर्जन्यमापक बसवून शाळेतल्या पोरांनी रोजचा आकडा वहीत लिहिला, तर निदान आपल्या डोंगराची नोंद आपल्याकडे राहील.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र बियाण्याची नाही, माणसांची आहे. चांगल्या लोंब्या कापणीआधी, उभ्या पिकातून, खाचराच्या मधल्या भागातून निवडायच्या असतात. ते काम जाणत्या बाईचं. आणि भात हाती आलं की, कधी त्याच्याही आधी, अर्धी वाडी मजुरीसाठी नारायणगावच्या बाजारात जाऊन उभी राहते. मागे म्हातारी माणसं राहतात. ती मिळेल ते भात झोडतात आणि त्यातलंच बी ठेवतात. वाण असाच भेसळत जातो. रोजगार हमीतून खाचरांचे फुटलेले बांध घालायची कामं सुगीनंतर लगेच गावातच निघाली, तर निदान काही बायका घरी राहतील. बांध पक्के झाले की खोल खाचरात पाणीही टिकेल. यंदा आमच्या गटांनी ग्रामसभेत पहिली मागणी हीच मांडली आहे.