दिवा कोणाच्या हुकमाने लुकलुकतो?

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या एका फिटरची दोन बोटे गेली. यंत्र थांबल्याची खूण म्हणून हिरवा दिवा संथपणे लुकलुकत होता. त्यावर विसंबून त्याने हात आत घातला. चौकशीत ठपका त्याच्याच माथी आला. आम्ही मात्र विचारीत राहिलो, त्या दिव्याला हुकूम कोण देत होते? उत्तर निघाले ते असे : यंत्र चालवणारा संगणक केव्हाच अडकला होता आणि दिवा सांभाळणारी चिप आपला जुनाच पाठ म्हणत होती. शाळेत आम्ही फार शिकलो नाही. पण या उत्तराने आम्हाला पुस्तकांकडे ढकलले.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाच्या भागांना कामे वाटून देणारी व्यवस्था. लिनक्स ही त्यांपैकीच एक. तिच्यात २००६ पासून एलईडी दिव्यांचे स्वतंत्र खाते आहे. दिव्याचा उजेड तेथे एका फाईलीत असतो. तीत आकडा लिहिला की उजेड बदलतो. २०१८ मध्ये तीत 'पॅटर्न'ची सोय आली. ०, १०००, २५५, १००० एवढे लिहिले की, २५५ ही ज्याची कमाल पातळी असा दिवा एका सेकंदात पूर्ण तेजाला चढतो आणि पुढच्या सेकंदात उतरतो.

हे काम मुख्य प्रोसेसरने करायचे, तर त्याला दर ५० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला वीस वेळा उठावे लागते. बॅटरीवरच्या यंत्राला ही उधळपट्टी परवडत नाही. म्हणून आज्ञा लक्षात ठेवणाऱ्या चिपा निघाल्या. २००९ च्या नोकिया एन९०० फोनातील एलपी ५५२३ ही अशीच चिप. ती नऊ दिवे सांभाळते आणि तिच्यात तीन छोटी इंजिने असतात. ऑपरेटिंग सिस्टीम इंजिनात आज्ञांची यादी भरते, 'चालव' म्हणते आणि बाजूला होते. प्रोसेसर झोपला तरी दिवा चालू राहतो. जाणत्या कामगाराला काम एकदा समजावून दिले की मुकादमाने डोक्यावर उभे राहावे लागत नाही, तसेच हे.

सोय खरी, पण धोकाही तिच्याच पोटात आहे. प्रोसेसर झोपला काय आणि मेला काय, चिपेला फरक कळत नाही. याच लिनक्समध्ये 'हार्टबीट' नावाची दुसरी तऱ्हा आहे. तीत दिव्याचे ठोके सिस्टीमचा गाभा स्वतः देतो. कामाचा भार वाढला की ठोके जलद होतात, गाभा गोठला की थांबतात. अर्थात गाभा जिवंत आणि वरचा प्रोग्राम मात्र अडकलेला असेल, तर हाही दिवा फसवील.

तात्पर्य एवढेच की, दिवा साक्ष देतो ती फक्त त्याला हुकूम देणाऱ्याची. फोनावर निरोप आल्याची खूण चिपेकडे खुशाल सोपवावी. यंत्राच्या प्रकृतीची खूण मात्र ज्याची प्रकृती सांगायची त्याच्याच हाती असावी. आणि हात आत घालण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घालावे. आमच्या त्या फिटरला हे कोणी सांगितले नव्हते. निष्काळजी तो नव्हता. दिवा कोणाचा, हे न विचारता तेथे तो बसवणारे होते.