परसातली दहाफुटी

बूट शिवणाऱ्या माणसाला टेबल लागत नाही. त्याचं टेबल म्हणजे त्याची मांडी. तळव्याचं जाड चामडं ठोकून घट्ट करायचं, तर मांडीवर गुळगुळीत धोंडा घ्यायचा आणि त्यावर हातोडी चालवायची. शिवताना बूट गुडघ्यावर ठेवायचा, वरून चामड्याचा पट्टा टाकायचा आणि पट्ट्याचं खालचं टोक पायाने दाबून धरायचं. बूट हलायचं नाव घेत नाही! मग अशा कारागिराला जागा तरी किती लागावी? एक बुटकं बाक, हाताशी आरी-रापी, आणि दोरा ओढताना दोन्ही कोपरं फाकवता येतील एवढी मोकळीक. बस्स.

हे लक्षात आलं की अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावाची गंमत कळते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बायकांच्या बुटांसाठी हे गाव नावाजलेलं होतं, पण त्यासाठी तिथे प्रचंड कारखाने नव्हते. बूट तयार होत ते घरांच्या परसात, लाकडी खोपट्यांत. लांबी-रुंदी दहा-दहा फूट, फार तर बारा-चौदा. लोकांनी त्यांना नावच दिलं ‘टेन-फूटर’. आपण दहाफुटी म्हणू.

पहिल्यांदा दहाफुटीचं चित्र पाहिलं तेव्हा मला ती कोंबड्यांची खुराडी वाटली होती. पण नीट पाहिलं की तिच्यातली एकेक गोष्ट कामातून आलेली दिसते. छत जेमतेम डोक्याच्या वर, कारण माणसं दिवसभर बसलेली. शिवाय त्या भागातला हिवाळा हाडं गोठवणारा. कमी हवा लवकर तापते, एका शेगडीत भागतं. आणि खिडक्या! खोपट्याच्या मानाने त्या चांगल्या सढळ. काळ्या चामड्यात मेण लावलेल्या दोऱ्याचा टाका बघायचा तर उजेड हवाच. तिथे सुई वापरत नसत. दोऱ्याच्या टोकाला डुकराचा राठ केस वळून बसवत, कारण आरीने पाडलेलं भोक वाकडं असतं आणि केस त्यातून वळून जातो, ताठ सुई अडते. दिवस मावळला की दिवा लावून काम पुढे चाले, पण खरा मालक सूर्य.

एका दहाफुटीत चार ते आठ जण बसत. प्रत्येकाच्या जागेला ते ‘बर्थ’ म्हणत. लिन समुद्रकाठचं गाव, शब्द जहाजावरून आलेला. आपण तोच शब्द रेल्वेत वापरतो, आणि ऐसपैसपणाही साधारण तेवढाच!

हात गुंतलेले, कान मोकळे. त्यामुळे एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी टाका न चुकवता ऐकायचं आणि मग कडाक्याचा वाद घालायचा. यंत्राचा खडखडाट नसल्यामुळे हे जमे. मॅसॅच्युसेट्समधल्याच नेटिक गावातला हेन्री विल्सन हा असाच बूट शिवणारा. पुढे तो गुलामगिरीचा कट्टर विरोधक म्हणून गाजला आणि १८७३मध्ये अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला. ‘नेटिकचा मोची’ ही त्याची ओळख शेवटपर्यंत टिकली.

मात्र या वादसभेत बायका नसत. बुटाचा वरचा भाग त्याच शिवत, पण घरात, चुलीपाशी, पोरं सांभाळत. व्यापारी कापलेलं चामडं द्यायचा; ते आधी स्वयंपाकघरात जायचं, मग परसात. निम्मा कारखाना त्या खोपट्याबाहेर होता, हे दहाफुटीचं कौतुक करताना विसरलं जातं.

मग यंत्रं आली. १८५२मध्ये शिलाई यंत्र चामड्यावर चालू लागलं आणि वरच्या भागाची शिलाई स्वयंपाकघरातून हळूहळू बाहेर पडली. २२ फेब्रुवारी १८६०ला, वॉशिंग्टनच्या जयंतीचा मुहूर्त साधून, लिनच्या कारागिरांनी मजुरीसाठी संप पुकारला. न्यू इंग्लंडभर हजारो लोक त्यात उतरले. मार्चमध्ये बायकांनी बर्फ पडत असताना मोर्चा काढला. दोनच वर्षांनी, १८६२च्या सुमाराला, तळवा शिवणारं मॅके यंत्र बाजारात आलं. ते मांडीवर मावणारं नव्हतं. त्याला चालवायला शक्ती हवी, पक्की जमीन हवी, रांगेत काम करणारी माणसं हवीत. आता माणसाने यंत्राकडे जायचं होतं.

रिकाम्या दहाफुट्या लोकांनी पाडल्याच असं नाही. हलक्या लाकडी असल्याने त्या उचलून नेता येत. काहींचे कोळसाखाने झाले, काही घराला जोडून छोटी स्वयंपाकघरं झाली. आणि काहींत, माझा पहिला अंदाज अगदीच चुकीचा नव्हता तर, खरोखरच कोंबड्या राहिल्या.

लिनमधली १८३०च्या सुमाराची एक दहाफुटी सेलमच्या संग्रहालयाने जपली आहे. विल्सनची मात्र नेटिकमध्येच, रस्त्याच्या कडेला उभी आहे.