नवा बॉस कोण?

ऑफिसमधली एखादी केबिन रिकामी झाली की पहिले दोन दिवस काम कमी आणि चर्चाच जास्त होते. ‘बाहेरून कुणीतरी येतोय म्हणे...’, ‘छे रे, आपल्यातल्याच कुणालातरी बसवणार’, ‘बंगळुरूच्या ऑफिसमधल्या त्या मॅडमचं फिक्स आहे, लिहून घे!’ कॅन्टीनमधला चहा गार होतो, पण गॉसिप गरमागरम राहतं. आता अशी कल्पना करा की, या एका केबिनवर लाखो लोकांचा डोळा आहे आणि त्यातला प्रत्येक जण स्वतःला एचआर हेड समजतोय. फुटबॉल टीमचा कोच बदलतो तेव्हा नेमकं हेच होतं.

गेली काही वर्षं मी हा तमाशा चवीनं बघतेय. मॅच नव्वद मिनिटांत संपते; नव्या कोचची चर्चा महिनोन् महिने पुरते. युरोपातल्या क्लबांचे किस्से तर आहेतच, पण यातला सगळ्यात मसालेदार एपिसोड आपल्याच घरचा आहे. जुलै २०२५ चा, भारतीय टीमचा.

झावी, पेप आणि १७० अर्ज

आधी थोडा फ्लॅशबॅक. जुलै २०२४ मध्ये स्पेनचे मानोलो मार्केझ भारताचे कोच झाले. त्या वेळी ते एफसी गोवाचेही कोच होते, म्हणजे एकाच वेळी दोन नोकऱ्या! त्यांच्या हाताखाली भारत आठ मॅच खेळला आणि जिंकला फक्त एक, तीही मालदीवविरुद्ध. १० जून २०२५ ला हाँगकाँगनं शेवटच्या क्षणी पेनल्टीवर आपल्याला ०-१ असं हरवलं आणि जुलैच्या सुरुवातीला मार्केझ पायउतार झाले. २०२३ मध्ये पहिल्या शंभरात असलेला भारत फिफा रँकिंगमध्ये १३३ व्या नंबरवर घसरला होता.

मग अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं चक्क जाहिरात दिली. कोच पाहिजे! अर्ज आले तब्बल १७०. आणि मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ती बातमी फुटली : बार्सिलोनाचा लाडका झावी हर्नांडेझ याचाही अर्ज आहे, पण तो परवडणार नाही म्हणून बाजूला ठेवला!

माझ्या मोबाइलला त्या दिवशी दम घ्यायला वेळ नव्हता. एका ग्रुपवर कुणी झावीला दादरच्या वडापावच्या गाडीवर उभं केलं, तर कुणी हिशेब मांडला की आपण सगळ्यांनी शंभर-शंभर रुपये काढले तर त्याचा पगार सुटेल का. मस्करीच होती, पण तिच्यात कुठेतरी एक आशाही होती. एवढा मोठा माणूस आपल्याकडे यायला तयार आहे, याचंच केवढं अप्रूप!

दुसऱ्याच दिवशी फुगा फुटला. झावीच्या आणि पेप गार्डिओलाच्या नावानं ई-मेल आले होते, पण ते खरे नव्हते, असा खुलासा महासंघानं केला. हो, गार्डिओलासुद्धा! तेव्हा तो मँचेस्टर सिटीचा कोच होता आणि त्याचं कॉन्ट्रॅक्ट २०२७ पर्यंतचं होतं. जगातल्या सगळ्यात हेवा वाटावा अशा नोकऱ्यांपैकी एक सोडून तो दिल्लीला बायोडेटा कशाला पाठवेल, हा साधा प्रश्न त्या गडबडीत फारच थोड्यांना पडला.

अफवेचा फंडा

ही नावं येतात तरी कुठून? एचआरमध्ये काम करणारी माझी एक मैत्रीण आहे. ती फुटबॉल बघत नाही, पण तिला हा प्रकार सांगितला तर ती जराही चकित झाली नाही. ‘‘दुसरीकडची ऑफर आहे असं दाखवून आपल्याच बॉसकडून पगार वाढवून घेणारे आमच्याकडे दर अप्रेझलला असतात,’’ ती म्हणाली. फुटबॉलमध्ये हेच काम एजंट करतात. कोचचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं की त्याचं नाव दोन-तीन क्लबांशी जोडलं गेलेलं बरं असतं. भाव वाढतो.

दुसरा स्रोत म्हणजे सट्टा. ब्रिटनमध्ये ‘पुढचा मॅनेजर कोण’ यावर कायदेशीरपणे पैसे लावता येतात. कुणाचा तरी भाव अचानक बदलला की तीच बातमी होते, बातमी वाचून आणखी लोक पैसे लावतात आणि भाव पुन्हा बदलतो. धूर आधी, आग नंतर. कधी कधी आग लागतच नाही.

आणि तिसरा स्रोत म्हणजे आपण! फॅन्सना जो हवा असतो, त्याचं नाव इतक्या वेळा घेतलं जातं की ते खरंच वाटायला लागतं.

लिव्हरपूलचंच घ्या. २६ जानेवारी २०२४ ला युर्गन क्लॉपनं सीझनअखेर जाणार असं जाहीर केलं आणि सगळ्यांनी एकच नाव घेतलं : झाबी अलोन्सो. लिव्हरपूलचा जुना खेळाडू, त्यात तेव्हा त्याची लेव्हरकुसेन टीम हरायचं नावच घेत नव्हती. स्क्रिप्ट कशी परफेक्ट! पण मार्चच्या शेवटी अलोन्सोनं सांगून टाकलं, मी इथेच राहणार. मग गाडी स्पोर्टिंग लिस्बनच्या रूबेन अमोरिमकडे वळली. शेवटी केबिनमध्ये येऊन बसला तो फेयेनूर्डचा आर्ने स्लॉट. जानेवारीत किती जणांच्या तोंडी हे नाव होतं? आणि याच स्लॉटनं पहिल्याच सीझनमध्ये, २०२४-२५ मध्ये, लिव्हरपूलला प्रीमियर लीग जिंकून दिली.

आपल्यातलाच एक

आता पुन्हा आपल्या १७० अर्जांकडे. आय. एम. विजयन यांच्या अध्यक्षतेखालच्या तांत्रिक समितीच्या चाळणीतून तीन नावं उरली. स्टीफन कॉन्स्टन्टाइन, ज्यांनी आधी दोनदा भारताची टीम सांभाळली होती आणि २०१९ च्या आशियाई कपमध्ये तिला उतरवलं होतं. स्लोव्हाकियाचे स्टेफान तारकोविच, जे युरो २०२० मध्ये आपल्या देशाचे कोच होते. आणि तिसरे खालिद जमील.

झावीचं नाव ऐकून मला मेसेज करणाऱ्या अर्ध्या लोकांनी तेव्हा विचारलं, ‘‘हा कोण?’’

मुंबईकरांनो, हा प्रश्न आपण तरी विचारू नये. खालिद महिंद्रा युनायटेडकडून खेळले. मग मुंबई एफसीमध्ये आधी खेळाडू आणि २००९ ते २०१६ कोच. बजेट बेताचं, स्टार खेळाडू नाहीत, पण तेवढ्या वर्षांत त्यांनी टीमला एकदाही खालच्या डिव्हिजनमध्ये घसरू दिलं नाही. २०१६ मध्ये क्लबनं त्यांना निरोप दिला. ते गेले थेट मिझोरामला, ऐझॉल एफसीकडे. बरोबर जयेश राणे, आशुतोष मेहता यांच्यासारखी मुंबईची पोरंही होती. पुढच्या सीझनला काय झालं? ऐझॉल आय-लीगचं चॅम्पियन! ईशान्य भारतातल्या क्लबानं ही लीग पहिल्यांदाच जिंकली. आणि त्याच सीझनमध्ये मुंबई एफसी टेबलच्या तळाला गेली.

एवढं करूनही आयएसएलचा दरवाजा लगेच उघडला नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या लीगमध्ये भारतीय माणूस असिस्टंट असायचा. फार तर साहेब गेल्यावर काही दिवस ‘इन-चार्ज’. खालिदही आधी नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये तसेच तात्पुरते बसले आणि टीमला सेमीफायनलला घेऊन गेले. त्यानंतर २०२१ मध्ये ते आयएसएलचे पहिले कायमस्वरूपी भारतीय हेड कोच झाले. गंमत बघा, मे २०२५ मध्ये सुपर कपच्या फायनलला ते जमशेदपूरचे कोच म्हणून उभे होते आणि समोर एफसी गोवाच्या बेंचवर होते मार्केझ! ती फायनल गोव्यानं ३-० अशी जिंकली. तीन महिन्यांनी मार्केझ यांची रिकामी खुर्ची खालिदना मिळाली.

१ ऑगस्ट २०२५ ला त्यांचं नाव जाहीर झालं. २०१२ मध्ये सावियो मेदेरा पायउतार झाल्यानंतर पहिल्यांदाच भारताच्या टीमला भारतीय हेड कोच मिळाला. ज्या पोस्टसाठी आपला विचारच होणार नाही असं गृहीत धरून आपण अर्जसुद्धा करत नाही, तशी पोस्ट तुमच्याही ऑफिसमध्ये असेल. म्हणून ही नेमणूक मला महत्त्वाची वाटते.

हॅपी एंडिंग? जरा थांबा

सिनेमा असता तर इथे टायटल्स पडली असती. सुरुवातही तशीच झाली. २९ ऑगस्टला पहिल्याच मॅचमध्ये भारतानं ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ असं हरवलं आणि त्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टी शूटआउटवर मात देऊन तिसरा नंबर मिळवला. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली आणि २०२७ च्या आशियाई कपचं दार बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशनंही ०-१ असा धक्का दिला.

लगेच मेसेज सुरू. ‘बघ, फॉरेनचाच हवा होता!’

मला हे पटत नाही. हाँगकाँगविरुद्धची ती मॅच फॉरेनच्याच कोचच्या हाताखाली गेली होती. शिवाय खालिद आले तेव्हा घरातच काय चाललं होतं ते आठवा. ११ जुलै २०२५ ला, म्हणजे कोचसाठी अर्ज येत होते त्याच आठवड्यात, आयएसएलच्या आयोजकांनी पुढचा सीझन ‘होल्ड’वर ठेवला, कारण महासंघाबरोबरचा करार डिसेंबरमध्ये संपत होता. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. लीग कधी सुरू होणार हेच माहीत नसलेले खेळाडू घेऊन खालिदनी कामाला सुरुवात केली. डेडलाइन आहे, टार्गेट आहे आणि टीममधल्या निम्म्यांना पुढच्या महिन्याचा पगार होणार का याचं टेन्शन. अशा डिपार्टमेंटचा बॉस व्हायला तुम्ही तयार व्हाल?

पुढच्या वेळी भारताच्या कोचची खुर्ची रिकामी होईल तेव्हा पुन्हा एखादं झगमगतं नाव येईल. जरूर चघळा, मीही चघळणार आहे! पण त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारू या. त्या वर्षी लीग वेळेवर सुरू होतेय का? आणि खेळाडूंचे पगार झालेत का? या दोन प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ असतील, तर खुर्चीत खराखुरा झावी येऊन बसला तरी स्कोअरबोर्ड फारसा हलणार नाही.