नडगीवरची सूज आणि बोटांमधली भेग

घोडेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला भातलावणी सुरू झाली की पाय दिवसदिवस चिखलात राहतात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडून फुगते, सोलते, करंगळीशेजारी उभी चिरते. पावसाळ्यात हे चालायचंच म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण पायाच्या सेल्युलायटिसचा, म्हणजे त्वचेखाली पसरणाऱ्या जंतुसंसर्गाचा, विचार लालबुंद नडगीपासून नव्हे, या भेगेपासून सुरू व्हायला हवा. स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जीवाणू बहुधा इथूनच शिरतात आणि त्वचेच्या खोल थरात, खालच्या चरबीत पसरतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो, पांढऱ्या पेशी धावून येतात. लाली, ऊब, सूज, ठणका यांतूनच येतात. महत्त्वाची गोष्ट ही की अशा कातडीत जीवाणू फार थोडे सापडतात, रक्ताच्या कल्चरमध्येही बहुतेकदा काही उगवत नाही. दिसतो तो बराचसा शरीराचाच प्रतिकार. म्हणून योग्य प्रतिजैविक सुरू झाल्यावरही पहिले एक-दोन दिवस लाली पसरलेली दिसू शकते. मात्र वेदना असह्य झाल्या, कातडी काळी पडली किंवा फोड आले, तर तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठावं.

यावर कुणी म्हणेल, चिखल्या पुष्कळांना होतात, पाय थोड्यांचाच सुजतो. खरं आहे. फ्रान्समधल्या १६७ रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला, त्यात याचं उत्तर सापडतं. बोटांमधल्या अशा जखमेमुळे आजाराची शक्यता सुमारे १४ पट वाढलेली दिसली, तर ऊतींमधला द्रव वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या तुंबून पाय आधीच सुजलेला असेल तर सुमारे ७१ पट. शिवाय प्रत्येक झटका या वाहिन्यांना इजा करतो, द्रव साचतो आणि पुढच्या झटक्याची सोय होते. मग गोळ्याच चालू ठेवाव्यात का? ब्रिटनमधल्या २०१३ च्या चाचणीत वर्षभर पेनिसिलिन घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना आजार उलटला, न घेणाऱ्यांपैकी ३७ टक्क्यांना. पण गोळ्या थांबल्यावर हा फायदा ओसरला.

शेतकऱ्याला चिखल टाळता येत नाही, ही अडचणही खरीच. पण संध्याकाळी पाय धुऊन बेचके कोरडे करणं, चिखल्यांत बहुधा बुरशी वाढते म्हणून तिच्यावरचं मलम कातडी बरी दिसू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावणं जमण्यासारखं आहे. दुकानातून विचारून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम नको. खाज थांबते, बुरशी मात्र फोफावते. ज्यांचा पाय कायम सुजलेला असतो, त्यांनी झटका ओसरल्यावर डॉक्टरांकडून घट्ट पट्टी किंवा मोजे बसवून घ्यावेत. ऑस्ट्रेलियातल्या २०२० च्या चाचणीत ते वापरणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना आजार उलटला, न वापरणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांना.